बाहेरून मोजलेला जॅक

धनराज, तो जॅक मी बाहेरून मोजला होता.

हे एवढं वाक्य सहा वर्षं माझ्याजवळ आहे. बायकोला सांगितलं नाही. देवासमोर हात जोडून उभा असतानाही मनातल्या मनात कधी म्हटलं नाही. तुला तर नाहीच. आता तू गेल्याला अठरा दिवस झाल्यावर सांगतो आहे, म्हणजे तुला सांगणं राहूनच गेलं, हे मलाही कळतं.

तुला पुढचं काही समजावावं लागलं नसतं. तू हातातला वेल्डिंगचा होल्डर खाली ठेवला असतास, काळी काच कपाळावर सरकवली असतीस आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं असतंस. ते पाहणं चुकवण्यात माझी सहा वर्षं गेली.

आपल्या दोघांत एक भिंत होती. वाडीला, अमरावती रोडवरच्या गोडाऊनांच्या मागच्या गल्लीत, अलीकडे माझं हायड्रोलिक पाइपांचं दुकान आणि पलीकडे तुझं वेल्डिंगचं शेड. भिंतीतल्या वरच्या दोन विटा तूच काढल्या होत्यास, उठून यायचा कंटाळा म्हणून. त्या भोकातून तू ओरडायचास, "इंजिनेर, आहे का गा?" मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला माणूस. तुला ते पक्कं माहीत होतं. तरी पंधरा वर्षं तू मला इंजिनेर म्हणालास. सुरुवातीला ती चेष्टा होती. पुढं पुढं तू ते खरं धरायला लागलास, आणि मीही. माझं बिघडलं ते तिथं.

गुलाबराव तुझ्याकडे आले ते मला आठवतं. कामठी रोडला त्यांची लाकडाची टाल. आचारी, धाबेवाले, वीटभट्ट्या, सगळ्यांना फोडलेलं जळाऊ लाकूड तिथून जायचं आणि ते सगळं फोडायचा एक माणूस, हिरामण. वीस वर्षं कुऱ्हाड चालवून त्याचा उजवा खांदा गेला होता. हात डोक्याच्या वर जाईना. गुलाबराव म्हणाले, "ट्रॅक्टर उभाच राहते दिवसभर. त्याच्या मागं बसन अशी लाकूड फोडायची मशीन करून द्या. हिरामणनं फक्त दांडी ओढावी." हिरामण त्यांच्या मागं उभा होता. तो म्हणाला, "कुऱ्हाड तं मी तरीबी ठेवीन. मशीन रुसली तं?" तू हसलास. तुला तो माणूस तेव्हाच आवडला होता.

मशीन तशी सोपी. एक लोखंडी गर्डर, एका टोकाला पाचर, दुसऱ्या टोकाला जॅक. ट्रॅक्टरच्या पंपाचं तेल जॅकमध्ये शिरतं, आतला रॉड पुढे सरकतो आणि ओंडक्याला पाचरीवर ढकलतो. गर्डर, पाचर, ट्रॅक्टरच्या लिफ्टला अडकवायचे कान, हे सगळं तुझं. पाइप, व्हॉल्व आणि मुख्य म्हणजे कोणता जॅक घ्यायचा, ते माझं. तूच वाटणी केली होतीस. "डोकं तुझं, हात माझे," असं म्हणाला होतास गुलाबरावांसमोर.

मी तुझ्या शेडच्या फरशीवर खडूनं हिशोब मांडला. तू उकिडवा बसून पाहत होतास. जॅक आतून दहा सेंटिमीटर रुंद असला, तर तेलाला ढकलायला अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर जागा मिळते. ट्रॅक्टरचं तेल दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोनं ढकलतं. म्हणजे जवळजवळ बारा टन. गाठीचं बाभूळ फोडायला तेवढं लागतंच. मी गर्डरवर मोठ्या अक्षरांत '१२ टन' लिहिलं. तू त्या खडूच्या आकड्याभोवती तीन दिवस वेल्डिंग केलंस, पण तो पुसू दिला नाहीस.

मग आपण भंगारात जॅक पाहायला गेलो. तो दिवस मी इतक्यांदा आठवला आहे की आता त्यातलं ऊनही मला मोजून सांगता येईल. तीन जॅक होते. एक ट्रॉली उलटवायचा. तो एकाच बाजूनं तेल घेतो, ढकलतो पण आपला आपण मागं येत नाही. तो दोघांनीही सोडला. दुसरा जुन्या लोडरचा. गंजलेला, बुटका, जाडजूड. तिसरा लांब, तपकिरी रंग दिलेला, बघायला देखणा.

तू त्या बुटक्याजवळच बसलास.

"हा घे," तू म्हणालास. "रॉड पाह्य, मनगटासारखा आहे. वाकणार नाही."

"स्ट्रोक दीडच फुटाचा आहे गा. रॉड तेवढाच पुढं येईन."

"मंग? पाचर अर्धी गेली का लाकूड फाटतेच. वरचा अर्धा फूट काय शोभेले पाहिजे का?"

"आणि दोन फुटी ओंडका आला तं?"

"तं मंधात एक ठोकळा ठेवून घेऊ. हिरामणले दोन हात आहेत ना."

तुझं बरोबर होतं. आज मला माहीत आहे की शंभर टक्के बरोबर होतं. लाकूड शेवटपर्यंत ढकलावं लागतच नाही, अर्ध्यात तोंड उघडतं. पण तू वेल्डर होतास आणि मी इंजिनेर होतो, आणि दुकानदार ऐकत होता. मी म्हणालो, "लांब स्ट्रोकचाच घेऊ. काम दिसलं पाहिजे." काम दिसलं पाहिजे. काय बोललो मी ते.

दुकानदार म्हणाला, तपकिरी जॅक चार इंची आहे. तू म्हणालास, "खोलून पाहू." तो म्हणाला, खोलला तर घ्यावाच लागेल. मग मी खिशातला व्हर्निअर काढला. ऐटीत काढला, हे खोटं कशाला बोलू. जॅकच्या नळीवर बाहेरून लावला. शंभर मिलिमीटर. "बरोबर दहा सेंटिमीटर," मी म्हणालो.

धनराज, मी पाइपांचा धंदा करतो. आमच्या धंद्यात पाव इंची, अर्धा इंची म्हणजे आतलं भोक. गिऱ्हाईक बाहेरून मोजून माप सांगतं तेव्हा मी त्याला हसतो. रोज दहा वेळा आतून मोजणारा मी, त्या दिवशी नळी बाहेरून मोजून मोकळा झालो. नळीची भिंत ढकलत नाही, आतलं तेल ढकलतं, हे मला नवव्या वर्गातला पोरगाही सांगेल.

आणि तू विचारलंस. ही खरी गोष्ट, जी मी स्वतःशीसुद्धा कमी बोललो आहे. तू नळीवर बोटाची टिचकी मारलीस, आवाज ऐकलास आणि विचारलंस, "भिंत किती जाड असन गा?"

मी म्हणालो, "ते धरलं मी."

धरलं नव्हतं. तुझ्या तोंडून ऐकेपर्यंत भिंतीचा विचारही डोक्यात नव्हता. त्या क्षणी व्हर्निअर खिशात टाकून 'अरे हो, चुकलंच' म्हणालो असतो, तर तू दिवसभर माझी टिंगल केली असतीस आणि बुटका जॅक आपल्या गाडीत आला असता. पण मी म्हणालो, धरलं. तू म्हणालास, "मंग झालं," आणि जॅकचं एक टोक उचललंस.

चार दिवसांनी मी आतलं तेल अडवणारे रबरी सील बदलायला जॅक खोलला. एकटाच होतो. रॉड ओढून काढला, नळीत व्हर्निअर घातला. आठ सेंटिमीटर. दोन्हीकडून एकेक सेंटिमीटरची भिंत. अठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटरच्या जागी पन्नास. बारा टनांच्या जागी साडेसात. भिंतीच्या भोकातून तुझ्या ग्राइंडरचा आवाज येत होता. तू त्या जॅकच्या मापाची खोबण घासत होतास. मी ऐंशी मिलिमीटरची सील किट टाकली, जॅक बंद केला आणि भोकातून म्हणालो, "तयार आहे, घेऊन जा."

असं का केलं, याचं मोठं उत्तर माझ्याकडे नाही. बुटका जॅक तेव्हाही भंगारात पडलेला होता. फक्त तुला सांगावं लागलं असतं. गर्डरवरचा '१२ टन' पुसावा लागला असता. तू रागावला नसतास हेही मला ठाऊक होतं. तू म्हणाला असतास, "होते गा इंजिनेर कधी कधी." मला तेच नको होतं.

म्हणून मी दुसरं काम केलं. ट्रॅक्टर माझ्या दुकानासमोर पाइप जोडायला आला होता. तू ऑक्सिजनची टाकी भरून आणायला गेला होतास. ट्रॅक्टरच्या तेलाचा दाब एका मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून त्यात एक रिलीफ व्हॉल्व असतो, स्प्रिंगवर चालणारा. मी तो उघडला आणि स्प्रिंगखाली तीन वॉशर घातले. स्प्रिंग कडक झाली. गेज लावून पाहिलं. दीडशेचं सव्वादोनशे झालं. पन्नास गुणिले सव्वादोनशे, म्हणजे सव्वाअकरा टन, बाराच्या जवळ. माझा आकडा खरा झाला. तो जुना जॅक एवढ्या दाबाला बनलेला नाही, हेही मला कळत होतं. मी मनाशी म्हणालो, जुनं लोखंड मजबूत असतं.

पहिल्या दिवशी मशीन काय चालली. हिरामणनं दांडी ओढली, कडुनिंबाचा ओंडका आवाज न करता दोन झाला. त्यानं दोन्ही तुकडे उचलून आतून पाहिले, जसं काही त्यात कोणी लपलं होतं. "माह्या वीस वर्षांचं काय झालं मंग?" तो म्हणाला, आणि सगळे हसले. तुझ्या विणकर बापाला कापडाचा काठ बोटांनी चाचपून माग कोणाचा ते सांगता यायचं, असं तू म्हणायचास. त्या दिवशी तू तसाच तुझ्या वेल्डिंगच्या टाक्यांवरून बोट फिरवत होतास. जॅकच्या बुडाचा जुना कान तुटलेला होता, म्हणून तू नवा लावला होतास, आणि त्याच्या कडेला तुझे तीन ठिपके ठेवले होतेस. प्रत्येक कामावर ठेवायचास. कोणी विचारलं तर म्हणायचास, "पळून जाता येऊ नाही म्हणून."

रात्री तुझ्या घरी सुनंदा वहिनींनी सावजी मटण केलं होतं. तू सगळ्यांना सांगत होतास की जॅक इंजिनेरनं निवडला. मी पाणी पीत होतो. तिखट लागलं असं वहिनींना वाटलं.

दोन महिन्यांनी गुलाबरावांचा फोन तुला आला आणि भोकातून तू फक्त एवढंच म्हणालास, "चाल."

गाठीचं बाभूळ होतं. पाचर अर्धी जाऊन अडकली, हिरामणनं दांडी सोडली नाही आणि जॅकचं बूड फाटलं. ओंडका उसळून त्याच्या गुडघ्यावर बसला. आपण पोचलो तेव्हा गुलाबराव त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले होते. तेल सगळं भुशावर सांडलेलं. तू हिरामणची चप्पल उचललीस, झटकलीस आणि बाजूला ठेवलीस.

मी पाना मागितला.

हेच लिहायला मला सर्वांत जड जातं आहे. मी हिरामणची चौकशी नंतर केली. आधी पाना मागितला, ट्रॅक्टरखाली शिरलो आणि ते तीन वॉशर काढून खिशात टाकले. तू वाकून पाहिलंस.

"ट्रॅक्टरले काहून हात लावून राहिला? फाटला तं जॅक ना."

"तेल किती राहिलं ते पाहतो."

तू पुन्हा जॅककडे वळलास. फाटलेलं बूड हातात घेऊन बसून राहिलास. संध्याकाळी गुलाबराव परत आले, शर्टावर डाग होते. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "धनराज, तुमचं वेल्डिंग गेलं ना बावा."

तू कान दाखवलास. तो शाबूत होता, तीन ठिपक्यांसकट. बूड फाटलं होतं ते बोटभर बाजूला, जॅकच्या मूळच्या जोडावर. तुला तिथंच मोकळं होता आलं असतं. पण तू प्रामाणिकपणे विचार करायला बसलास. तू म्हणालास, "टाका माहा शाबूत आहे भाऊ. पन कान लावताना मी बुडाले जास्त तापवलं असन. गरमीनं जोड कच्चा झाला असन." आणि माझ्याकडे वळलास. "असं होते का गा, इंजिनेर?"

मी म्हणालो, "होऊ शकते."

दोन शब्द. तुझ्यावर आलेला आळ तिथं नक्की झाला. कोणी दुसऱ्यानं नाही, मी शिक्का मारला, आणि तू तो मान्य केलास, कारण तो माझ्याकडून आला होता.

त्यानंतर तू वजनाचं काम घेतलं नाहीस. ट्रॉली नाही, जॅक नाही, शेडचे खांब नाहीत. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, कुलरचे स्टँड. गल्लीतले लोक आधी तुझ्याकडे कठीण काम आणायचे, ते पुढच्या चौकात जायला लागले. "त्याच्या हातचं एक फाटलं होतं," असं कोणीतरी गिऱ्हाइकाला सांगताना मी ऐकलं. ऐकलं आणि पाइप कापत राहिलो. ठिपके ठेवणंही तू बंद केलंस. मी एकदा विचारलं, तर म्हणालास, "जाळीले काय ठिपके ठेवा लागते."

हिरामणचा गुडघा पुन्हा वाकलाच नाही. दीड वर्ष तू त्याला स्कूटरवर मागं बसवून, पाय सरळ बाहेर काढून, ड्रेसिंगला आणि मग व्यायामाला नेत राहिलास. त्याला खाली बसता येईना, तर संडासात बसायला लोखंडी खुर्ची करून दिलीस आणि आधी स्वतः बसून पाहिलीस. वाडीच्या गोडाऊनमध्ये त्याला चौकीदारी तू लावून दिलीस. दर रविवारी जायचास. मी तीनदा सोबत आलो. तिसऱ्यांदा हिरामण तुला म्हणाला, "धनराजभौ, आता बस झालं. तुमी काही मुद्दाम केलं का?" तू मान खाली घालून हसलास. मी त्याच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. चौथ्यांदा तू बोलावलंस तेव्हा मी सांगितलं, काम आहे.

माझ्या शिक्षेच्या खुर्चीवर तू बसलास आणि मी ते शेजारच्या दुकानातून पाहत राहिलो. तुला मी मित्र म्हणायचो.

आणि तू माझ्याशी कसा वागलास. माझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा अकरा दिवस माझं दुकान तू सांभाळलंस. फोन करून करून मला हैराण केलंस. "इंजिनेर, एक जण पाइप मांगून राहिला. म्या जुना कापून आतून मोजला, बारा भरला. बाराचाच देऊ ना?" मी म्हणालो, "अरे, एवढं कशाला, बाहेरून दिसतेच ना." तू म्हणालास, "नाई गा. आतून पाहिलेलं बरं." दवाखान्याच्या पायऱ्यांवर फोन हातात धरून मी किती वेळ बसलो होतो, ते तुला कधी कळलं नाही. आमच्या मनीषनगरच्या फ्लॅटच्या बाल्कनीची जाळी तुझीच. ती लावताना तू चौथ्या मजल्यावरून खाली वाकून माझ्या बायकोला म्हणालास, "भिऊ नका वहिनी, जाळीच आहे, जॅक नाही." ती हसली. स्वतःवर विनोद करायची तुझी ही सवय तेव्हापासूनची, आणि त्या विनोदावर प्रत्येक वेळी मी हसलो आहे.

तुला कळलं होतं का, हे मला आता कोणी सांगणार नाही. मागच्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवर आपण बसलो होतो. तू बिस्कीट चहात धरून, काही न सुचल्यासारखं विचारलंस.

"त्या जॅकची सील किट कितीची होती गा?"

माझा ग्लास हातात होता. ऐंशीची. किटचं माप म्हणजे नळीचं आतलं माप. आयुष्यात बसवलेल्या हजार सीलांतली ही एक मला झोपेतही सांगता येते.

"आता काय आठवते," मी म्हणालो. "दहा वर्षं झाली असतीन."

"सहा."

"काय?"

"सहा वर्षं झाली," तू म्हणालास. बिस्कीट तुटून चहात पडलं होतं. तू ते बोटानं काढून खाल्लंस आणि दुसऱ्याच गोष्टीवर बोलायला लागलास.

तू मला दार उघडून दिलं होतंस का, धनराज? की खरंच तुला फक्त एक आकडा पाहिजे होता, तुझ्या डोक्यातल्या त्या जुन्या हिशोबासाठी? सहा वर्षं तू बसून तो जोड कशानं गेला असेल याचा विचार करत होतास, आणि उत्तर भिंतीच्या दोन विटांपलीकडे होतं. मी म्हणत असतो की तुला कळलं होतं आणि तू मला माफ केलं होतंस. तसं म्हटलं की बरं वाटतं, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही.

तुझ्या तेरवीला सगळे आले होते. गुलाबराव चांगलंच बोलले तुझ्याबद्दल. म्हणाले, असा सरळ माणूस नाही, हात सोन्यासारखा, एका कामात फक्त चुकला आणि ते त्यानं शेवटपर्यंत मनाला लावून घेतलं. पंगतीतले चारपाच जण 'हो ना' म्हणाले. हिरामण पाय लांब करून भिंतीला टेकून बसला होता. तोही मान हलवत होता, डोळे पुसत होता. माझ्या पत्रावळीवर वरण होतं. मी भात कालवत राहिलो.

निघताना वहिनींनी मला दाराशी थांबवलं.

"भाऊजी, एक विचारू का? तुमी तं होते संग तवा. ते खरंच त्याईच्याच हातून झालं होतं का?"

"वहिनी, आता कशाला तो विषय."

"तसं नाही. ते झोपेत बी बोलत. जास्त तापवलं, जास्त तापवलं म्हणत. म्हणून म्या म्हटलं, तुमाले माहीत असन."

"जाऊ द्या वहिनी," मी म्हणालो. "देवमाणूस होता."

तू गेल्यावरही मी तेच केलं. तुझ्या घरच्या दारात, तुझ्या बायकोसमोर, आणि वरून तुला देवमाणूस म्हणालो. घरी येईपर्यंत मला स्वतःच्या आवाजाची किळस येत होती. त्या किळशीनंच पाच दिवसांनी हा कागद पुढं ओढला.

म्हणून आता सरळ लिहितो. धनराजनं कान लावताना जॅकचं बूड जास्त तापवलं नव्हतं. त्याचं वेल्डिंग कुठंही चुकलं नव्हतं. जॅक मी चुकीचा निवडला, त्यानं चांगला दाखवलेला असताना. मी तो बाहेरून मोजला, त्यानं विचारल्यावर खोटं बोललो, चूक कळल्यावर लपवली, आणि आकडा खरा करायला ट्रॅक्टरचा दाब वाढवला. बूड त्या दाबानं फाटलं. हिरामणचा पाय माझ्यामुळे गेला. मग पुरावा मी खिशात घातला आणि दोष त्याला घेऊ दिला.

हे लिहिताना मन हलकं होईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मला एवढंच दिसतं आहे की हे लिहिणंही मी माझ्या सोयीचं निवडलं. तू उत्तर देणार नाहीस. या कागदाची एकेक प्रत मी वहिनींना आणि गुलाबरावांना पाठवणार आहे. वहिनी वाचतील, पण त्यांच्या डोळ्यांसमोर मी नसेन. गुलाबराव वाचतील आणि फोन करतील, तेव्हा मी फोन उचलेन किंवा उचलणार नाही.

हिरामणला वाचता येत नाही. तो गोडाऊनच्या फाटकाजवळ खुर्चीवर पाय लांब करून बसतो, माझ्या दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, आणि अजून समजतो की त्याचा गुडघा तुझ्या हातानं गेला. त्याच्यासमोर बसून, त्याच्या तोंडाकडे पाहून, ते तुझ्या नाही, माझ्या हातानं झालं, हे सांगणं माझ्याकडे बाकी आहे. आजपर्यंत मी गेलेलो नाही.